कुंपणाचा अर्धा हिशेब

‘एका आयताकृती शेताची लांबी १२० मीटर व रुंदी ८० मीटर आहे. शेताभोवती तारेचे तिहेरी कुंपण घालण्यास किती तार लागेल?’ हे किंवा याच्यासारखे उदाहरण फळ्यावर न लिहिता निवृत्त झालेला गणिताचा शिक्षक विरळाच. लांबी-रुंदीची बेरीज २००, तिची दुप्पट ४००, त्याची तिप्पट १२०० मीटर. उत्तराखाली दोन रेघा ओढल्या की उदाहरण संपले.

या उदाहरणाचे कौतुक करण्यासारखे एक कारण आहे. भूमितीच्या पुस्तकात शेतकऱ्याचे शेत ज्या थोड्या जागी येते, त्यांपैकी ही एक जागा आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यात तर कुंपण हा रोजच्या चिंतेचा विषय आहे. कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा यांवर रानडुकरे आणि रोही तुटून पडतात. कास्तकार रात्र-रात्र वावरात जागल करतो. कोणी तारेचे कुंपण घालतो, कोणी झटका मशीन बसवतो. काही जण तारेत थेट वीज सोडतात. ते बेकायदेशीर तर आहेच, पण त्यात माणसे, गुरे आणि वाघही मेले आहेत. अशा ठिकाणच्या वर्गात कुंपणाचे गणित यायलाच हवे. तक्रार आहे ती वेगळीच. पाठ्यपुस्तकी उदाहरण शेताच्या दारापर्यंत जाते आणि तिथूनच परत फिरते. त्यात कुंपणाची लांबी विचारलेली असते, पण त्या कुंपणाने काय राखले हे विचारलेले नसते.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की परिमिती आणि क्षेत्रफळ ही दोन प्रकरणे शेजारी-शेजारी असूनही त्यांची एकमेकांशी ओळख करून दिली जात नाही. विद्यार्थी शब्दांवरून सूत्र निवडायला शिकतो. कुंपण, झालर, चक्कर हे शब्द आले की बेरीज. फरशी, रंग, गवत हे शब्द आले की गुणाकार. या युक्तीने गुण मिळतात, पण दोन राशींमधले नाते अंधारातच राहते.

दुसरा आक्षेप, शेत आयताकृतीच असते हे गृहीत धरलेले असते. गावाच्या नकाशावर नजर टाकली तर काटकोन शोधावा लागतो.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. कुंपणाचा खर्च परिमितीवर ठरतो आणि पीक येते ते क्षेत्रावर. म्हणून खरा प्रश्न ‘किती मीटर?’ एवढाच नाही, तर ‘एका हेक्टरमागे किती मीटर?’ असा आहे. हा प्रश्न विचारला की उदाहरणातून एकदम अर्थकारण बाहेर पडते.

एक हेक्टर, चार आकार

एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. चार आयत घेऊ या, चौघांचेही क्षेत्र बरोबर एक हेक्टर.

१०० × १०० मीटर : परिमिती ४०० मीटर
२०० × ५० मीटर : परिमिती ५०० मीटर
४०० × २५ मीटर : परिमिती ८५० मीटर
१००० × १० मीटर : परिमिती २०२० मीटर

सात-बाराच्या उताऱ्यावर या चारही शेतांसमोर एकच आकडा असेल. कुंपणाचे बिल मात्र पाचपटीपर्यंत बदलेल. उताऱ्यावरून कुंपणाचा खर्च काढता येत नाही. त्यासाठी गटाचा नकाशा हवा. हे एवढे वाक्य विद्यार्थ्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आले, तर प्रकरण समजले असे म्हणायला हरकत नाही.

उलट बाजूनेही पाहा. ४० सेंटिमीटर सुतळीची गाठ मारून केलेले कडे घ्या. त्याचा १० × १० चा चौरस केला तर क्षेत्रफळ १०० चौ.सें.मी., १५ × ५ केला तर ७५, आणि १९ × १ केला तर अवघे १९. सुतळी तीच आहे. परिमिती कायम ठेवून क्षेत्रफळ शून्याच्या हवे तितके जवळ नेता येते. क्षेत्रफळ कायम ठेवून परिमिती हवी तितकी वाढवता येते. मर्यादा आहे ती एकाच बाजूला. ठरलेल्या परिमितीत क्षेत्रफळ एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. आयतांपुरते याचे कारण नववीच्या विद्यार्थ्याला ठाऊक असलेल्या एका नित्यसमानतेत आहे. लांबी ल आणि रुंदी र असेल तर

(ल + र)² − (ल − र)² = ४ × ल × र

परिमिती ठरली म्हणजे पहिले पद ठरले. मग गुणाकार सर्वांत मोठा केव्हा? दुसरे पद शून्य झाले तर, म्हणजे लांबी आणि रुंदी समान असताना. सर्व आकृत्यांचा विचार केला तर वर्तुळ पहिले येते. समान क्षेत्राच्या चौरसापेक्षा वर्तुळाचा परीघ सुमारे ११ टक्क्यांनी कमी असतो. गोल विहिरीला बांधकाम कमी लागते आणि बांबूच्या गोल कणगीला बांबू कमी लागतो, त्यामागे हेही एक कारण आहे. वर्तुळाची ही गोष्ट सुतळीने पटते, पण सिद्ध होत नाही, हे मात्र वर्गात सांगावे. याकोब श्टायनर याने १८३८ च्या सुमारास सुंदर युक्तिवाद दिला. परंतु ‘सर्वांत मोठी आकृती असतेच’ हे त्याने गृहीत धरले होते. ती फट पुढे वायरश्ट्रासने बुजवली.

भाऊबंदकीची लांबी

आता मूळ उदाहरण थोडे पुढे नेऊ या. समजा, वडिलांचे चार हेक्टरांचे चौरस शेत आहे, २०० × २०० मीटर. कुंपण ८०० मीटर, म्हणजे हेक्टरी २०० मीटर. चार भावांत वाटणी झाली. प्रत्येकाला पांदण रस्ताही लागायला हवा आणि नालाही, म्हणून वाटणी बहुधा उभ्या पट्ट्यांत होते. प्रत्येकाच्या वाट्याला २०० × ५० मीटरची पट्टी आली. प्रत्येकाने आपापले कुंपण घातले तर चौघांचे मिळून ४ × ५०० = २००० मीटर. धुऱ्यावरचे कुंपण सामाईक ठेवले तर ८०० + ३ × २०० = १४०० मीटर. आणि चौघांनी मिळून फक्त बाहेरून कुंपण घातले तर पूर्वीचेच ८०० मीटर.

जमीन एक चौरस मीटरनेही वाढली वा घटली नाही. तरी कुंपण ८०० वरून २००० वर गेले. मधले १२०० मीटर ही त्या घरातल्या भाऊबंदकीची लांबी समजावी.

मग वाटणी चौकोनी तुकड्यांतच करावी, असा निष्कर्ष घाईने काढू नये. पट्टीलाही तिची बाजू आहे. पिकाच्या ओळी एकमेकींपासून एक मीटरवर धरल्या, तर १०० × १०० च्या शेतात १०० ओळी होतात, तर २०० × ५० च्या पट्टीत लांबीच्या दिशेने ५० च होतात. डवरणीच्या वेळी बैलजोडी वळवण्याचे कष्ट निम्मे होतात. कुंपणाला चौरस आवडतो, डवऱ्याला पट्टी आवडते. कोणत्या खर्चाला किती वजन द्यायचे हे कास्तकाराने ठरवायचे असते. गणित फक्त दोन्ही पारडी दाखवते. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यातली ‘प्रमाणभूत क्षेत्रा’ची कल्पनाही क्षेत्राचीच आहे. तुकडा किती लहान, हा प्रश्न ती विचारते. तुकडा किती अरुंद, हा प्रश्नही कुंपणाच्या दृष्टीने तेवढाच मोलाचा आहे.

लहान शेताला महाग कुंपण

आकार तोच ठेवून शेत लहान-मोठे केले तर काय होते? एक हेक्टरच्या चौरसाला ४०० मीटर, म्हणजे हेक्टरी ४००. चार हेक्टरांच्या चौरसाला ८०० मीटर, हेक्टरी २००. सोळा हेक्टरांच्या चौरसाला १६०० मीटर, हेक्टरी १००. बाजू दुप्पट झाली की परिमिती दुप्पट होते, क्षेत्रफळ चौपट. म्हणून दर हेक्टरी कुंपण निम्मे होते.

समजा, कुंपणाला मीटरमागे २०० रुपये लागतात. मग एक हेक्टरवाल्याला हेक्टरी ८०,००० रुपये पडतील आणि सोळा हेक्टरवाल्याला २०,०००. गरीब माणसाला कुंपण चौपट महाग पडते, आणि यात कोणाची लबाडी नाही, ही भूमिती आहे. यातून धोरणाचा एक प्रश्न सरळ निघतो. कुंपणासाठी सरसकट हेक्टरी मदत दिली तर ती मोठ्या शेताकडे झुकते. समान वागवायचे असेल तर मदत मीटरवर ठरवली पाहिजे. ग्रामसभेत हा मुद्दा मांडायला सातवीच्या गणितापेक्षा अधिक काही लागत नाही.

दुसरा मार्ग सामूहिक कुंपणाचा. १६ एक हेक्टरवाल्यांची शेते मिळून एक चौरस होत असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला ४०० ऐवजी १०० मीटर येतील. कागदावर हे फार चांगले दिसते. पण इथेही हिशेब पुरा करावा. सामूहिक कुंपण एका ठिकाणी तुटले की सोळाही शेते उघडी पडतात. आपल्या शेतापासून दूर असलेली तार कोणी दुरुस्त करायची, पांदणीवरचे फाटक कोणी लावायचे, हे आधी ठरावे लागते. स्वतंत्र कुंपणात तार जास्त जाते. सामूहिक कुंपणात विश्वास जास्त लागतो.

फसलेले सेनापती आणि भास्कराचार्यांचा राग

जास्त परिमिती म्हणजे जास्त क्षेत्र, हा समज केवळ मुलांचा नाही. इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातल्या पॉलिबियस या ग्रीक इतिहासकाराने याच गोष्टीवर खेद व्यक्त केला आहे. लोक शहराचा किंवा छावणीचा आकार तिच्या घेरावरून ठरवतात. मेगालोपोलिसचा घेर ५० स्टेडियम, स्पार्टाचा ४८, तरी स्पार्टा दुप्पट मोठे आहे, असे सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही. सैन्य चालवणारी माणसेही शाळेतली भूमिती विसरतात, अशी त्याची तक्रार होती. गणिताने यात अशक्य काही नाही. ४८ घेराच्या वर्तुळाचे क्षेत्र सुमारे १८३ चौरस एकक होते, २०.५ × ४.५ च्या आयताचा घेर ५० असूनही क्षेत्र ९२ च्या आसपासच भरते. विद्यार्थ्यांकडून हे जरूर करवून घ्यावे.

आपल्याकडे याच चुकीचे एक धाकटे भावंड आहे. वेड्यावाकड्या चौकोनी शेताचे क्षेत्र काढताना समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घ्यायची आणि दोन सरासरींचा गुणाकार करायचा. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये हा नियम दिला, पण तो ‘स्थूल’ आहे असे स्पष्ट म्हटले. हा नियम आयताला बरोबर उत्तर देतो. इतर प्रत्येक चौकोनाला खऱ्यापेक्षा जास्तच देतो, कमी कधीच नाही. समजा, शेताच्या चारही बाजू १०० मीटर आहेत, पण ते कललेले आहे आणि समोरासमोरच्या धुऱ्यांमधले लंबांतर ८० मीटर आहे. नियम सांगतो १०,००० चौरस मीटर. खरे क्षेत्र ८,०००. तफावत २० आर, जवळजवळ अर्धा एकर. या नियमाने सौदा झाला तर घेणारा नसलेल्या अर्ध्या एकराचे पैसे मोजतो.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) या बाबतीत कमालीची कडक भाषा वापरली आहे. चौकोनाच्या नुसत्या चार बाजू दिल्याने त्याचा आकार ठरत नाही. लंब किंवा कर्ण सांगावा लागतो. तो न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याची, आणि त्याहून अधिक उत्तर देणाऱ्याची, गणना त्यांनी पिशाच्चांत केली आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. म्हणजे हा राग आपल्या घरचाच आहे. भूमापनाची शंकू-साखळी पद्धती हेच तत्त्व पाळते. मोजणीदार केवळ धुऱ्यावरून फिरत नाही. शेताच्या आतून एक मुख्य रेषा धरतो आणि कोपऱ्यांपासून तिच्यावर लंब घेतो. ३३ फुटांची साखळी, तिचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर, हे जुने कोष्टकही ‘साखळीचा चौरस’ या कल्पनेवरच उभे आहे.

वर्गात दाखवायला बांबूच्या चार सारख्या कामट्या आणि चार टाचण्या पुरतात. चौरस करून हळूहळू दाबत जावे. बाजू त्याच, परिमिती तीच, आणि क्षेत्र डोळ्यांदेखत नाहीसे होते. मग एक कर्ण बांधावा; चौकट हलत नाही. भास्कराचार्य काय म्हणत होते ते मुलांच्या हाताला कळते.

तारेच्या पलीकडे

हेच गणित कुंपणाच्या दुसऱ्या बाजूलाही लागू आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याचे क्षेत्र १४८.६३ चौ.कि.मी. आहे. हे जंगल नेमके वर्तुळाकार असते तर त्याचा घेर ४३.२ कि.मी. झाला असता. ते वर्तुळ नाही, म्हणून खरी सीमा याहून लांबच असणार. सीमेलगतचा एक किलोमीटर रुंद पट्टा माणसांच्या, गुरांच्या वर्दळीचा धरला, तर वर्तुळातही २७ टक्के जंगल त्यात जाते. याच क्षेत्राची चार सारखी वर्तुळे केली तर एकूण घेर दुप्पट होतो आणि पट्ट्यात निम्मे जंगल जाते. क्षेत्र न घटताही जंगल आतून आकसते. रस्त्याने किंवा कालव्याने जंगलाचे तुकडे पडतात तेव्हा ‘फक्त इतकेच हेक्टर गेले’ हा हिशेब म्हणूनच अपुरा असतो. जून २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ पट्टा असलेला एक तरुण वाघ हजाराहून अधिक किलोमीटर चालून डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या वाटेवर अशा कितीतरी सीमा होत्या, आणि प्रत्येक सीमेवर कोणाचे तरी शेत होते.

आणखी एक फरक सांगायला हवा. जिल्ह्याचे क्षेत्रफळ जनगणनेच्या पुस्तकात मिळते, पण परिमिती सहसा मिळत नाही. यवतमाळची दक्षिण सीमा बरीचशी पैनगंगा आखते. नदीचा काठ लांब साखळीने मोजला तर एक उत्तर येते. आखूड साखळीने मोजला तर अधिक वळणे पकडली जातात आणि उत्तर वाढते. क्षेत्रफळात काठाच्या बारीक वळणांची भर आणि घट एकमेकींना बरीचशी भरून काढतात. परिमितीत मात्र प्रत्येक वळण भरच घालते. लुईस रिचर्डसनचे सीमारेषांवरचे काम १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १९६७ मध्ये मँडेलब्रोने ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी विचारून याच गोष्टीकडे जगाचे लक्ष वेधले. नाल्याकाठच्या शेताला हीच गोष्ट लागू पडते.

उदाहरण पुरे करू या

मूळ उदाहरण पुस्तकातून काढून टाकण्याची गरज नाही. त्याच्याखाली आणखी काही प्रश्न जोडले की पुरे.

१. या शेताला हेक्टरी किती मीटर कुंपण लागते? (उत्तर : क्षेत्र ०.९६ हेक्टर, म्हणून सुमारे ४१७ मीटर.)
२. तेवढ्याच क्षेत्राचे, पण दुप्पट परिमितीचे आयताकृती शेत असू शकेल का? एक काढून दाखवा.
३. दोन बहिणींत या शेताची वाटणी करायची आहे. कोणत्या दिशेने केल्यास मधले कुंपण कमी लागेल? त्या वाटणीत कोणाची काय गैरसोय होईल?
४. घरच्या किंवा शेजारच्या शेताचा सात-बारा आणि गटाचा नकाशा पाहा. त्यांतला कोणता कागद कुंपणासाठी लागतो, कोणता बियाण्यासाठी? कारण लिहा.

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांची उत्तरे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापता येणार नाहीत. तपासायला वेळ जास्त लागेल, गुण देताना थांबून विचार करावा लागेल, आणि एखादा विद्यार्थी शिक्षकाला माहीत नसलेली धुऱ्यावरची गोष्टही सांगून जाईल. तरीही हे प्रश्न घ्यावेत. या वर्गातली बरीच मुले पुढे वाटणीच्या कागदावर सही करतील, जमिनीचा सौदा करतील, कुंपणाच्या मदतीचा अर्ज भरतील. त्या वेळी त्यांच्यासमोर बेरजेचे उदाहरण नसेल. एका हातात क्षेत्राचा आकडा असेल, दुसऱ्या हातात तारेचे बिल, आणि या दोघांचा संबंध त्यांना स्वतःच जोडावा लागेल.